आपल्या दमावर चालणारी गाडी

नागपूरच्या बेस्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही, मटण-मासे खाता का विचारलं नाही, घरी किती वाजता परतणार हेही विचारलं नाही. ते पायरीवर बसून पितळेचा एक चिमुकला स्क्रू डोळ्यासमोर धरून त्याच्या भोकातून आभाळ पाहत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं,

"तुमच्या घरी टर्बोची गाडी आहे का?"

आमच्या घरी, सांगलीला, बाबांची स्कूटर होती. तसं सांगितलं.

"मंग या. वरचा मजला तुमचाच."

आतून काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "पाणी तर पी वं पोरी आधी. त्यांचं मनावर घेऊ नको. दोन खोल्या आहेत, नळ सकाळी येते, अन् हे असे आहेत. पटत असन तर राहा."

मला मिहानमधल्या नोकरीवर सोमवारी हजर व्हायचं होतं. पटवून घेतलं.

सगळा बेसा त्यांना सर म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. लकडगंजातल्या एका शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. तिकडची निम्मी दुकानं त्यांच्या विद्यार्थ्यांची, त्यामुळे बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. दर चार पावलांवर कुणीतरी गल्ला सोडून पाया पडायला यायचं आणि सर त्याला खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक विचारायचे. उत्तर आलं नाही तर हिरमुसून पुढे चालू लागायचे. आलं तर त्याच्याकडून हवं-नको ते सामान घ्यायचे. घरात हिंगाचे सात डबे होते ते त्यामुळे.

शिकवला जन्मभर भूगोल, पण डोकं सगळं गाडीत. गाडी म्हणजे एक जुनी, चौकोनी पेट्रोल गाडी. मूळचा पांढरा रंग जाऊन ती उडदाच्या पापडासारखी दिसायची. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवा लागते, आणि काही गाड्यांत ती हवा पंख्यानं आत ढकलतात, त्याला टर्बो म्हणतात, एवढं मला पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं. सरांची गाडी हवा स्वतः ओढून घ्यायची. एखाद्याला मुलगी कलेक्टर झाल्याचा असतो, तसा ह्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

"आपल्या दमावर चालते ती," ते म्हणायचे. "पोराले ढोसून ढोसून चारलेलं अंगी लागते का? नाही लागत. मंग इंजिनाच्या कसं लागन?"

तिच्या दमाला कशाचाही अडथळा नको म्हणून त्यांनी गाडीतला एसी काढून टाकला होता. नागपुरात. इंजिनाचा आवाज नीट कानी यावा म्हणून रेडिओही काढला होता आणि पायाखालचे जाड गालिचेही. मे महिन्यात काकू ओला नॅपकीन डोक्यावर घेऊन पुढच्या सीटवर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "लोकायच्या बायका गाडीतून फिराले जातात. मी परीक्षेले जाते."

परीक्षा हा शब्द अगदी बरोबर होता. तो पितळी स्क्रू म्हणजे जेट. त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, बारीक तर कमी. सरांकडे सुपारीचा एक जुना डबा भरून असे जेट होते, आणि होळीला उन्हाळ्याचा आणि दसऱ्याला हिवाळ्याचा, असे ते बदलायचे. कारण भूगोल. उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी हवं. हिवाळ्यात हवा दाट, म्हणून जास्त. एक भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी एकदा चहात साखर कमी पडली म्हणाले, तर म्हणाले, "कंजूस मिश्रण झालं." जास्त पडली की "सढळ." माणसांनाही तीच दोन मापं. माझ्या ऑफिसातल्या साहेबांचं वर्णन ऐकून त्यांनी तात्काळ निदान केलं, "कंजूस. लवकर तापत असन."

साहेब खरोखरच लवकर तापायचे.

दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, आहेरात आलेल्या काचेच्या बदकांशेजारी, एक सागवानी वस्तू होती. वर आडवी नळी आणि तिच्यातून निघालेल्या चार गोल, गुळगुळीत, खाली उतरत गेलेल्या नळ्या. हवा इंजिनात नेणाऱ्या ह्या जुडग्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात हे मला त्या घरात राहून कळलं, आणि ते कळून माझं काही भलं झालं असं नाही. गाडीबरोबर आलेल्या मूळच्या नळ्या आखूड आणि वाकड्या होत्या. सरांना ते सलायचं. "वाऱ्याले वळण चालत नाही. अडखळते तो." म्हणून त्यांनी लकडगंजातल्या सुताराकडून, अर्थात विद्यार्थीच, लांब नळ्यांचा हा लाकडी नमुना करून घेतला होता. त्यावरून हिंगण्याला अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड ओतायला टाकला होता. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या एका आजीबाईंना तो नमुना गाईची कास वाटला. त्यांनी शोकेस उघडून चारही नळ्यांना कुंकू लावलं आणि नमस्कार केला. सर रागावतील म्हणून आम्ही सगळ्या गप्प. सर आले, पाहिलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. तिकडून दूध येते, इकडून हवा जाते." ते कुंकू त्यांनी पुसू दिलं नाही.

विक्षिप्त होतेच. दारावरची चिमणीची चिवचिवणारी घंटा काढून काकूंनी शाळेच्या घंटेसारखी घणघणणारी बसवली होती, ती वाजली की माझा जीव दचकायचा. कुकरच्या शिट्ट्या सर मोजायला बसायचे आणि डाळीची पार खीर व्हायची. आणि संध्याकाळी पायरीवर बसून त्यांची एक तक्रार ठरलेली असायची. "बेस्यात आलो तेव्हा इथं शेतं होती. रातकिड्यायनं कान किटायचे. ह्या बिल्डरायनं सिमेंट ओतलं, सगळे किडे मेले. आता पाह्य ना, एक नाही." मी सांगलीची. तिथे माणसं बोलत असली की मध्ये बोलतात. पण सर बोलत असताना काकू डोळ्यांनी दटावायच्या, म्हणून मी ऐकून घ्यायची. काकूंचा स्वतःचा आवाज जाड, खर्जातला होता, आणि सरांशी बोलताना तो आणखी खाली उतरायचा. जुन्या बायका नवऱ्याशी अदबीनं बोलतात, असा मी त्याचा अर्थ लावला होता. मी तेव्हा बऱ्याच गोष्टींचे अर्थ लावायची.

नवा मॅनिफोल्ड होळीनंतर आला. सरांनी तो स्वतः बसवला, आणि मग त्याला जुळणारा जेट शोधायचं काम सुरू झालं. त्यांची पद्धत साधी होती. दरवेळी जेट एक नंबर लहान करायचा आणि गाडी चढावर घालायची. पेट्रोल फारच कमी झालं की इंजिन आतून तापतं आणि जोर लावताना बारीक किणकिण वाजायला लागतं, काचेच्या बरणीत चिंचोके हलवावेत तसं. ते ऐकू आलं की थांबायचं आणि एक नंबर मागे यायचं. "वाजेपर्यंत खाली, वाजली की एक घर वर." पूर्वी ते प्लगचा रंग पाहूनही मिश्रण ओळखायचे, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बदामी आला की झालं. पण हल्लीच्या पेट्रोलनं रंग फसवा येतो असं त्यांचं ठाम मत होतं. "रंग खोटं बोलते. कान खोटं बोलत नाही."

नागपुरात चढ म्हणजे उड्डाणपूल. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं वर्धा रोडच्या पुलावर जितक्या वेळा गेलो तितकी मी ऑफिसलाही गेले नसेन. सर जेट लहान करत गेले आणि गाडी वाजेचना. त्यांचा आनंद पोटात मावेना. "मॅनिफोल्डची कमाल आहे! इतक्या कमी पेट्रोलवर, अन् आवाज नाही!" त्यांनी संत्रा बर्फी आणून गल्लीत वाटली.

मागच्या सीटवर बसून मला मात्र किणकिण ऐकू येत होती. पण त्या गाडीत दार वाजायचं, काच वाजायची, माझे दातसुद्धा वाजायचे. सर म्हणतात ती किणकिण यांतली कोणती, हे मला काय कळणार? काकूंनी एकदा पुलावर मान वळवून म्हटलं, "अहो, काही वाजून राहिलं."

"कुठं?"

"समोर."

सरांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, मान तिरकी करून ऐकलं. पाय उचलल्याबरोबर जोर कमी झाला आणि आवाज थांबला. "तुले भास होऊन राहिला," ते म्हणाले. काकूंनी डोक्यावरचा ओला नॅपकीन सारखा केला.

शेवटची परीक्षा रामटेकची. गडावर मंदिरापर्यंत गाडीचा रस्ता आहे, आणि सरांच्या मते तो रामानं मिश्रण तपासायला करून ठेवलेला होता. मे महिन्यातल्या एका सकाळी निघालो. निम्म्या चढावर ती किणकिण इतकी वाढली की मी पुढे झुकून काही म्हणणार, तेवढ्यात फट्ट झालं, मागे निळा धूर निघाला आणि गाडी थांबली. गडावरची माकडं टपावर येऊन बसली. सर स्टिअरिंग धरून समोर पाहत राहिले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून मानेवाड्याला त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे आणली. दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन उघडून ठेवलं होतं. एका पिस्टनचा काठ उंदरानं कुरतडावा तसा खाल्लेला होता.

"सर," मिस्त्री म्हणाला, "ये तो बहुत बजा होगा. इतना होने तक चलाते रहे?"

"नाही वाजली." सरांचा आवाज वर्गातला झाला. "वाजली असती तर मले कळलं नसतं का?"

मिस्त्रीनं खाली पाहिलं. काकूंनी खाली पाहिलं. मला असलं खाली पाहणं जमत नाही.

"वाजत होती की, सर. मला मागेसुद्धा ऐकू येत होती."

सर माझ्याकडे वळले नाहीत. काकूंकडे वळले.

"तुले ऐकू येत होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, कुठं."

सरांनी तो पिस्टन हातात घेतला, खाली ठेवला. मग त्यांनी, मला अजून आठवतं, अगदी हळू आवाजात, विद्यार्थ्यानं अडलेलं विचारावं तसं विचारलं,

"रातकिडे आहेत का?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आहेत. रोज ओरडतात."

त्यानंतर सरांनी गाडीचं नाव काढलं नाही. मिस्त्रीला कर म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. पुलावरच्या परीक्षा बंद, जेट पाहणं बंद. लकडगंजात जाणं बंद. पायरीवर बसायचे आणि रस्त्यानं टर्बोची गाडी गेली तरी काही बोलायचे नाहीत. सासरहून आलेल्या त्यांच्या मुलीनं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मशीन आणलं. मशीन लावून एका संध्याकाळी ते पायरीवर बसले, रातकिडे ऐकले, "आहेत खरे" एवढंच म्हणाले. बोलणं ऐकायला मशीन बरं होतं. गाडीसाठी कुचकामी. त्यातून काकूंच्या बांगड्या, वर्तमानपत्राचं पान, ताटातला चमचा, सगळंच किणकिण वाजायचं.

एकदा स्वयंपाकघरात मेथी निवडताना काकू मला म्हणाल्या, "बारीक आवाज त्यांच्या कानातून कधीचाच गेला वं. जाड बोललं की ऐकू येते. म्हणून मी जाड बोलाले लागली. माझी बहीण म्हणते, तुझा आवाज बसला का?" त्यांनी एक काडी मोडली. "मले वाटलं, चालते तोवर चालू द्यावं. कान गेले म्हणून सांगितलं तर हे गाडी सोडतीन, अन् गाडी सोडली तर मंग घरात जो उरन त्याच्याशी माझी ओळख नाही. पाह्य ना, तेच झालं. असा पंख्याकडे पाहत बसणारा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता."

मी मेथी निवडत राहिले. त्या बाईनं नवऱ्यासाठी स्वतःचा गळा बदलला होता आणि त्याला कळू दिलं नव्हतं. मी त्याला अदब समजत होते. मला त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. सांगलीच्या माणसाला हे सहजी वाटत नाही.

पावसाळा संपता संपता काकूंनी स्वतः मिस्त्रीला फोन लावला. मी तिथेच होते.

"पिस्टन टाकून घे."

पलीकडून तो बहुधा सरांना विचारलं का म्हणाला.

"मी कोणाले विचारून राहिली नाही. तू टाक."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. काकूंनी तिला झेंडूचा हार घातला, आपट्याचं पान ठेवलं, आणि आत जाऊन सुपारीचा डबा आणून सरांच्या मांडीवर ठेवला.

"आज जेट बदलायचा असते."

सरांनी डबा उघडला नाही. "मले ऐकू येत नाही," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं असावं.

"मले येते," काकू म्हणाल्या.

दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी रस्ते भरून गेले होते, म्हणून बाहेरबाहेरून रामटेक गाठलं. गडाच्या पायथ्याशी सरांनी वर्तमानपत्र पसरलं, डब्यातला मोठा जेट बसवला. ठरलं असं की काकूंनी आपला हात सरांच्या गिअरवरच्या हातावर ठेवायचा, आणि वाजलं की दाबायचं. पहिल्या चढाला काही नाही. खाली येऊन लहान जेट. पुन्हा काही नाही. आणखी लहान. काकू डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ घट्ट. पूजेलाही मी त्यांना इतक्या एकाग्र पाहिलं नव्हतं. निम्म्या चढावर त्यांनी हात दाबला नाही, चक्क चापट मारली.

"वाजली! वाजली! थांबा!"

"नक्की?"

"इतकी वर्षं तुमच्यासंग परीक्षा देऊन राहिली मी. मले विचारता नक्की?"

मलाही ऐकू आली होती, पण मी बोलले नाही. तो आवाज काकूंचा होता.

सर खाली आले, एक घर वर गेले. गाडी चढली. अशी चढली की माझी पाठ सीटला टेकली. काकूंचा हात सरांच्या हातावर तसाच, न दाबलेला. वर पोचल्यावर सरांनी इंजिन बंद केलं आणि काकूंकडे पाहिलं. नाही वाजली, अशी त्यांनी मान हलवली. सरांचा चेहरा मी त्या उन्हाळ्यापासून पहिल्यांदा ओळखीचा पाहिला.

पण पायथ्याशी येऊन त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. डब्यातून मोठा जेट काढला.

"आता काहून?" काकूंनी विचारलं. "आता तर वाजत नव्हती."

"हे तू बाजूले असतानाचं झालं," सर म्हणाले. "तू गाडीत नसली अन् वाजली तर मले कोण सांगन? एक घर सढळ ठेवतो. थोडी सुस्त होईन, पण जळणार नाही."

मला वाटलं, काकू बरं म्हणतील. शहाणपणाचंच होतं ते. काकूंनी पदर सारखा केला आणि जरा रागानंच म्हणाल्या,

"मी गाडीत नसली तर तुम्हाले जायचं कुठं आहे?"

सर हातात तो जेट घेऊन उभे राहिले. बोटांना पेट्रोल लागलं होतं, ते वाऱ्यावर उडून गेलं. मग त्यांनी मोठा जेट डब्यात टाकला, आणि आधीचाच, बरोबरचा, पुन्हा घट्ट बसवून बॉनेट लावलं.

मी आता बेस्यात राहत नाही, पण अधूनमधून त्या गल्लीतून जाते. सर एकटे गाडी काढत नाहीत. नुसतं दूध आणायचं असलं तरी गाडी फाटकाशी सुरू ठेवून काकूंच्या पायात चप्पल चढेपर्यंत ते दार उघडून उभे असतात.